कार्यक्रम नसेल त्या दिवशी जा

प्रश्न असा आला आहे: "बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन यंदा पुण्याहून सांगलीला, विश्रामबागेतल्या घरी परत आले. नाटक-गाण्याचं वेड आहे, पण स्वतःला काही येत नाही. इथल्या एखाद्या कला-सांस्कृतिक केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करावंसं वाटतं. मागे एका संस्थेत जात होते. दर वेळी खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायचं आणि शेवटी फोटोत उभं राहायचं. महिन्याभरात जाणं सुटलं. माझ्यासारखीचा अशा ठिकाणी खरंच उपयोग असतो का? वेळ किती द्यावा? आणि संस्था चांगली आहे हे ओळखायचं कसं?"

उपयोग असतो, आणि पुष्कळ असतो. सांगलीतल्या एका कलाकेंद्रात स्वयंसेवकांचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमचं जाणं सुटलं यात तुमची काही खोट नाही. तिथे तुम्हाला काम कुणी दिलंच नव्हतं, फक्त हजेरी मागितली होती. ज्याच्या नावावर एकही काम नाही असा माणूस फार दिवस टिकत नाही, मग त्याला कलेची कितीही ओढ असो.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की कार्यक्रम असेल त्या दिवशी जाऊ नका, नसेल त्या दिवशी जा. कार्यक्रमाच्या संध्याकाळी मदतीला हात भरपूर असतात. कार्यकर्ते असतात, त्यांची मुलं असतात, कलाकारांचे नातेवाईक असतात. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला तालमीची खोली उघडायला मात्र कुणी नसतं. गेल्या महिन्यातल्या नाटकाचे कपडे घामासकट गाठोड्यात बांधून पडलेले असतात. तंबोऱ्याची तार तुटलेली असते आणि ती कधी तुटली हे कुणालाच माहीत नसतं. जुन्या हस्तपत्रिका कपाटात कोंबलेल्या असतात. केंद्र चालतं की नुसतं उघडं असतं, हे या दिवसांवर ठरतं. तुम्ही आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ दिलीत, दोन-अडीच तास, आणि ती वर्षभर पाळलीत, तर उत्सवाचे चार दिवस राबणाऱ्यापेक्षा संस्थेला तुमचा आधार मोठा होईल. सुरुवातीच्या उत्साहात रोज येते म्हणू नका. रोज येणारी माणसं पावसाळ्याच्या आत दमलेली मी पाहिली आहेत.

सांगलीत या गोष्टीला थोडा इतिहासही आहे. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयावर. तोच दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो आणि त्याच दिवशी सांगलीत भावे गौरव पदक दिलं जातं. 1851 मध्ये अप्पासाहेब वारले आणि तो आश्रय संपला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं, 1853 मध्ये त्यांनी मुंबईत खेळ केले. राजाचा खजिना गेल्यावर कला लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या वेळावर जगायला लागली, ती आजही तशीच जगते. पैशाबद्दल सगळे बोलतात. वेळाचा हिशोब कुणी ठेवत नाही, आणि माझ्या मते जास्त टंचाई त्याचीच आहे.

आता तुमच्याबद्दल. "स्वतःला काही येत नाही" हे वाक्य मनातून काढून टाका. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला नोंद करता येते, जुळवणी करता येते, सही कुठे हवी आणि तारीख का हवी हे सांगावं लागत नाही. सांस्कृतिक संस्थांमध्ये नेमकी हीच बाजू लंगडी असते. माझ्याकडे कुणी बँकेतलं, पोस्टातलं किंवा शाळेच्या ऑफिसमधलं आलं, की मी त्यांना आधी दप्तराच्या कपाटाकडे नेते. त्या कपाटात हस्तपत्रिका, फोटो, नाटकांच्या हस्तलिखित संहिता, कॅसेट, वर्तमानपत्रांची कात्रणं असं सगळं एकत्र असतं. गावाची निम्मी स्मृती तिथे असते आणि कुणाला ती वापरता येत नाही.

हे काम कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण चुकीच्या पद्धतीने केलं तर वस्तूचं नुकसान होतं. सगळं एकदम बाहेर काढू नका. एक खोका घ्या, त्यातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, वहीत नोंद करा: काय आहे, कोणत्या तारखेचं, कुणाकडून आलं, अवस्था कशी. फोटोच्या मागे बॉलपेनने कधीच लिहू नका, दाब पुढे उमटतो आणि शाई पाझरते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने क्रमांक लिहा आणि बाकीची माहिती वहीत ठेवा. सेलोटेप नको, स्टेपलर नको, गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा काढून टाका. लॅमिनेशन करायचा मोह आवरा. ते पुन्हा निघत नाही आणि कागद त्यात भाजला जातो. कॅसेटच्या फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. तशी कॅसेट वाजवून बघू नका, फीत खराब होते आणि बुरशी टेपच्या हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. चांगल्या कॅसेटच्या वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची पाती मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करणार नाही. मग डिजिटल प्रत.

त्यातही सगळ्यात तातडीचं काम फोटोतली माणसं ओळखून घेण्याचं. 1970 च्या दशकातल्या संगीत नाटकाच्या फोटोत मध्ये बसलेले नट सगळ्यांना माहीत असतात. मागच्या रांगेतला ऑर्गनवाला, पडदा ओढणारा, प्रॉम्प्टर, रंगपट म्हणजे मेकअपची खोली सांभाळणारी बाई यांची नावं सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. एखाद्या दुपारी फोटोची मोठी प्रत घेऊन त्यांच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि बोलू द्यायचं. प्रश्न कमी विचारायचे. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, पण आधी परवानगी घेऊन. बोलणं झाल्यावर त्याच रात्री त्या फोटोच्या क्रमांकापुढे नावं लिहून टाकायची. पुढच्या आठवड्यात लिहू म्हटलं की डाव्या बाजूने तिसरा कोण होता ते आपल्याला आठवत नाही. या कामाला कला यावी लागत नाही. ऐकायचं वेड लागतं, आणि ते तुमच्याकडे आहे.

दुसरं मोलाचं काम वाद्यांचं. आपण मिरजेपासून हाकेच्या अंतरावर राहतो याचा फायदा सांगलीतली केंद्रंसुद्धा पुरता घेत नाहीत. मिरजेतलं शिकलगार घराणं मूळचं शस्त्रांना धार लावणाऱ्यांचं. फौजांचे दिवस संपल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांसारखे कारागीर सतार-तंबोऱ्याकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. देशभरातले गवई इथून तंबोरा नेतात आणि आपल्या केंद्रातला तंबोरा मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकवून धूळ खातो, हे बघून मला फार वाईट वाटतं.

स्वयंसेवकाने वाद्याची दुरुस्ती करायची नसते, राखण करायची असते. मऊ कोरड्या सुती कापडाने पुसायचं, तेल-पॉलिश काही लावायचं नाही. गवसणी, म्हणजे वाद्याची खोळ, धुतलेली आणि पूर्ण वाळलेली असावी. भोपळा फार नाजूक असतो. तंबोरा उचलताना एक हात दांडीला आणि दुसरा भोपळ्याखाली हवा, नुसती दांडी धरून उचलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. लांबच्या प्रवासाला नेताना तारा थोड्या उतरवतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तार घासून बारीक खाच पडते आणि आवाजातली आस कमी होते, तेव्हा जवारी काढून घ्यावी लागते, म्हणजे घोडी पुन्हा घासून नीट करावी लागते. ती मिरजेच्या कारागिराकडूनच. कानशीने घरी घासून बघतो म्हणणारा उत्साही तरुण प्रत्येक संस्थेत असतो, त्याला वाद्याजवळ जाऊ देऊ नका. तबल्याची जोडी दमट जागेत राहिली की पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते आणि तिच्यावरच्या काळ्या शाईला भेगा जातात. जोडी कपाटात उंचावर, गादीवर, झाकून ठेवावी. पेटीचा भाता बंद करून ठेवायचा, नाहीतर झुरळं आणि उंदीर आत घर करतात. प्रत्येक वाद्याची वेगळी वही असावी: तारा कधी बदलल्या, जवारी कधी काढली, कुणाला दिलं, परत कधी आलं. एवढी वही ठेवणारा एक माणूस मिळाला की शिकवणाऱ्या गुरुजींचा वर्गातला पहिला पाऊण तास वाचतो. तो पाऊण तास मुलांचा असतो.

मिरजेला गेलात की ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्यातही जाऊन या. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथे चिरविश्रांती घेत आहेत. 1937 मध्ये ते गेले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे आजही गाणं होतं. ते गाणं उघड्यावर बसून, तिकीट न काढता ऐकता येतं. कलाकेंद्रात काम करणाऱ्या माणसाने ती बैठक एकदा पाहावी असं मी केंद्रातल्या सगळ्या मुलांना सांगते.

पुराचं बोलायलाच हवं. सांगलीत सांस्कृतिक काम करायचं आणि कृष्णेचा विचार करायचा नाही, हे चालत नाही. 2005, 2019, 2021 हे तीन महापूर आपण पाहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. प्रत्येक केंद्रात हे दोन आकडे भिंतीवर लिहिलेले हवेत, आणि त्यांच्या खाली कुणी काय करायचं ते. आमचा नियम साधा आहे. पाणी 35 फुटांच्या पुढे चढतं आहे आणि कोयना धरणातून विसर्ग वाढतो आहे असं कळलं, की फोनाफोनी सुरू. तळमजल्यावरून आधी कागद आणि संहिता हलतात, मग वाद्यं, मग साउंडचं सामान, मग कपडे. फर्निचर शेवटी. हा क्रम जूनमध्येच ठरवून कागदावर लिहावा, कारण पुराच्या रात्री माणसं जड वस्तू आधी उचलतात आणि दप्तर खाली राहतं. चाव्या कुणाकडे, टेम्पो कुणाचा, वरच्या मजल्यावर किंवा उंच भागात कुणाच्या घरी जागा, हे आधी ठरलेलं असावं. तुम्ही विश्रामबागेत राहता. हरभट रोड, मारुती चौक, गावभाग या बाजूचं पाणी वाढतं तेव्हा तुमच्या भागातल्या घरांची मोठी मदत होते. एखादी कोरडी खोली पंधरा दिवस देणं ही सुद्धा स्वयंसेवाच.

भिजलेला कागद आलाच तर पुसू नका, घासू नका, उन्हात तर मुळीच टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या टिपकागदावर एकेक पान पसरायचं आणि टिपकागद ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून वेगळे करायला जाऊ नका. ते स्वच्छ पाण्यात ठेवले तर बऱ्याचदा आपोआप सुटतात, पण ते वाळायच्या आत करावं लागतं. सगळं एकदम हाताळता येत नसेल तर ओली वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो.

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. मे महिन्यात बालनाट्य शिबिरं होतात, तेव्हा संस्थांना माणसं कमी पडतात आणि कुणीही आलं तरी चालेल अशी वृत्ती येते. एका वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत. एकट्या मुलाला एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत ठेवायचं नाही, मग तो माणूस कितीही नावाजलेला असो. कपडे बदलायची जागा मुलींची वेगळी, मुलांची वेगळी. शिबिर सुटल्यावर मूल कुणाच्या ताब्यात दिलं त्याची सही घ्यायची. फोटो आणि व्हिडिओ टाकायचे तर पालकांची लेखी संमती. आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं, किंवा आपल्याला काही दिसलं, तर संस्थेचं नाव जाईल म्हणून ते आतल्या आत मिटवायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा नंबर 1098, तो दारावर लावलेला असावा. एखाद्या केंद्रात हे नियम विचारल्यावर लोक हसले, तर तिथे मुलांच्या वर्गाला हात लावू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊच नका असं नाही. पण गेलात तर एक काम मागून घ्या आणि ते शेवटपर्यंत आपलं ठेवा. मला विचाराल तर कलाकाराची व्यवस्था हे फार चांगलं काम आहे. बाहेरचा कलाकार रेल्वेने येणार असेल तर गाडी मिरजेला थांबते की सांगलीला, हे तिकीट हातात घेऊन बघा. मिरज जंक्शनला उतरलेला सतारिया सांगली स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाची वाट बघत बसतो, हे इथे वरचेवर होतं. गायकाला कोमट पाणी, रंगपटात आरसा आणि पुरेसा उजेड, सेफ्टी पिना, इस्त्री, स्वच्छ स्वच्छतागृह. साउंड तपासायला कलाकाराला वेळ मिळेल असं बघा. त्या वेळात व्यासपीठावर फुलांची सजावट आणि बॅनर लावणं चालू असतं, ते बाजूला सारायला थोडं खंबीर राहावं लागतं. मानधनाचं पाकीट जाताना हातात मिळालं पाहिजे, "नंतर पाठवतो" नाही. ज्या संस्थेत मानधन वेळेवर मिळतं तिथे कलाकार कमी पैशातही परत येतात.

आणि कार्यक्रम वेळेवर सुरू व्हावा यासाठी तुमचं वजन वापरा. प्रमुख पाहुणे यायचे आहेत म्हणून पाऊण तास थांबवलेल्या प्रेक्षकांमध्ये तासगावहून, कवठेमहांकाळहून आलेली माणसं असतात, त्यांची शेवटची एसटी असते. सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यांत तास गेला की शेवटचा राग आणि भैरवी ती ऐकू शकत नाहीत. मैदानावर किंवा उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण ते दिवस आपण ठरवत नाही. उशिरा सुरू झालेल्या मैफलीचं नुकसान गाण्यातच वळतं करून घेतलं जातं.

सुरक्षेचं थोडं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातलं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. इथल्या प्रत्येक नाटकवाल्याच्या काळजाला ते लागलं. त्या रात्रीनंतर आमच्याकडे एक माणूस शेवटी थांबतो आणि हेच त्याचं काम असतं: मेन स्विच बंद, विंगेत पेटलेली समई नाही, पडद्याजवळ गरम दिवा नाही, अग्निशामक नळकांड्याची मुदत संपलेली नाही. कार्यक्रम चालू असताना बाहेर जायच्या दारांसमोर खुर्च्या लावू द्यायच्या नाहीत. जादा गर्दी झाली की कार्यकर्ते पहिल्यांदा तीच जागा भरतात. खुर्च्या मांडण्याला तुम्ही कंटाळलात हे समजतं. पण कोणती वाट मोकळी ठेवायची हे ठरवून खुर्च्या मांडणं ही मोठी जबाबदारी आहे, आणि ती कुणी जबाबदारी म्हणून दिली तर जरूर घ्या.

परवानग्या आणि पैसे, थोडक्यात. नाटकाचा प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्र लागतं आणि लेखकाची परवानगी लागते. हौशी संस्था दुसरी गोष्ट विसरतात. लेखक किंवा त्यांचे वारस शोधून पत्र पाठवणं हे तुम्हाला सहज जमणारं काम आहे. देणगीची पेटी दोघांनी मिळून उघडायची, दोघांच्या सह्या, पावती लगेच. 2000 रुपयांच्या वरची रोख देणगी आयकरातल्या वजावटीला चालत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्यायची. तुम्हाला हे मी सांगायला नको. तुमच्या शेजारी बसणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र तुम्हीच सांगावं लागेल.

एक गोष्ट थोडी अवघड आहे, तरी बोलते. स्वयंसेवकाच्या फुकटच्या हाताने कुणाची रोजी जाऊ नये. प्रकाशयोजनेचा तंत्रज्ञ, नेपथ्य उभारणारी मुलं, साउंडवाला, झाडलोट करणाऱ्या मावशी, रखवालदार, यांचं घर या कामावर चालतं. पैसे वाचवायला त्यांच्या जागी स्वयंसेवक उभे करणारी संस्था मला मान्य नाही. त्यांच्याकडून शिका, त्यांच्या हाताखाली काम करा. पडदा कधी पडला पाहिजे हे पंचवीस वर्षं पडदा ओढणाऱ्या माणसाइतकं कुणाला कळत नाही. त्यांना नावाने, मानाने हाक मारा, आणि कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानताना त्यांची नावं राहिली तर निवेदकाच्या हातात चिठ्ठी द्या.

आणि कला म्हणजे फक्त नाट्यगीत आणि ख्याल असं मानणाऱ्या वातावरणात अडकू नका. नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, त्यांचा अभिमान आहेच. पण शाहीर पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, काळू-बाळूंचा तमाशा कवलापूरचा. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात धनगरी ओव्या उभ्या राहतात, जत-आटपाडीकडे धनगरांच्या गजीनृत्याची मंडळं आहेत, मिरजेत उर्दू आणि कानडी बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सांगली शहरातल्या केंद्रात हे लोक किती वेळा येतात? आले तर मंचावर नाचून परत जातात की बैठकीत, निवड समितीत त्यांचं कुणी असतं? ढोलकीच्या वर्गाला तबल्याच्या वर्गाइतकीच चांगली खोली मिळते का? नवीन स्वयंसेवक म्हणून तुम्ही हे प्रश्न विचारू शकता. जुन्यांना ते विचारायला संकोच वाटतो. गजीमंडळाला फोन करून तारीख ठरवणं, त्यांच्या जाण्या-येण्याचा आणि जेवणाचा खर्च आधी मंजूर करून घेणं, आणि त्यांच्या ज्येष्ठांकडून ओव्यांचा अर्थ लिहून घेणं, एवढं एक माणूस वर्षभरात सहज करू शकतो.

संस्था चांगली की नाही हे ओळखायला सत्कारांचे फोटो बघू नका. एखाद्या आडवारी संध्याकाळी न सांगता जा. तालमीची खोली उघडी आहे का, तिथे मुलं आहेत का, शिकवणारे वेळेवर आले का, स्वच्छतागृहाला कडी आहे का. मग चिटणिसांना विचारा: माझं काम नेमकं काय, मी कुणाला विचारून करायचं, साहित्याचा आणि रिक्षाचा खर्च कोण देणार. ज्यांना या तिन्हींचं उत्तर लगेच देता येतं त्यांनी स्वयंसेवकांचा विचार केलेला असतो. "या हो, काहीतरी असतंच" असं उत्तर आलं तर तुमचा मागचा अनुभव पुन्हा येईल. नोंदणीकृत न्यासाला दरवर्षी लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. ते दाखवा म्हटल्यावर चांगली संस्था रागावत नाही. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट त्या कार्यालयाला वर्षानुवर्षं दिलेला नाही, तीच चार नावं आजन्म आहेत, असं आढळलं तर विचार करून पाऊल टाका. मतभेद असलेल्या संस्थेत जाऊ नये असं मी म्हणत नाही, सगळीकडे मतभेद असतात. पण दोन गटांपैकी कुणाचा माणूस व्हायचं हे पहिल्या महिन्यात विचारलं गेलं, तर सरळ दुसरीकडे जा.

सुरुवात तीन महिन्यांच्या बोलीने करा. तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोलायचं: जमतंय का, काम बदलायचं का, थांबायचं का. थांबलात तरी वही पूर्ण करून, पुढच्या माणसाला सगळं समजावून, चाव्या सही घेऊन परत द्या. घरी आजारपण आलं, नातवंडं आली, तर दोन महिने सुट्टी मागायला लाजू नका. न सांगता गायब होण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

रंगभूमी दिनाच्या आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या धामधुमीत कुणाला तुमच्याशी नीट बोलायला सवड नसते, त्यामुळे ती गर्दी ओसरल्यावर जा. जाताना शंभर पानी आखीव वही, मऊ पेन्सिल आणि सुती फडकं बरोबर ठेवा. पहिल्याच दिवशी चिटणिसांकडून दप्तराचं एक कपाट किंवा वाद्यांची एक खोली, दोन्हींतलं एक, लेखी मागून घ्या.